खोकणारे कुत्रे: ओळख, काळजी आणि लस



आदिवासी कल्याणाच्या पत्रिकेत कुत्र्याच्या खोकल्यावर धडा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. मी पशुवैद्य नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर शेळ्या-कोंबड्यांचे लसीकरण असते, तेव्हा मी पशुवैद्यकांसोबत बर्फाची पेटी घेऊन हिंडतो. हिंडताना जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे शिकलो, ते सोप्या शब्दांत मांडतो. आपल्या मंडळीतील तरुणांनी आणि वस्त्यांवर जाणाऱ्या सेवकांनी हा धडा एकत्र बसून वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

कुत्रे म्हणजे घरचा जागल्या

कोरकू, निहाल, भिलाला, बारेला, पावरा अशी आपली जी कुटुंबे डोंगराच्या कडेला राहतात, त्यांच्या घरी कुत्रे हौसेखातर नसते. मका आणि ज्वारी कणसावर आली की रानडुकरे उतरतात. तुरीत रोही शिरतात. माणूस मचाणावर जागलीला बसतो, पण त्याच्या आधी कानोसा लागतो तो कुत्र्याला. शेळ्या चरायला गेल्या की त्यांच्या मागे कुत्रे असते. मोहफुले वेचायला बाई पहाटे रानात जाते, तेव्हा अस्वलाची चाहूल कुत्रेच आधी देते.

ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आणि चार शेळ्या आहेत, त्याचे कुत्रे मेले तर एका रात्रीत डुकरे वर्षाचा मका उधळून टाकतात. म्हणून कुत्र्याचा आजार हा त्या घरच्या पोटाचा प्रश्न आहे. ईयोबाच्या पुस्तकातही कळपाबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. राखणीची ही सोबत फार जुनी आहे.

तरीही लसीचे नाव काढले की वस्तीवर हमखास ऐकू येते, “भाऊ, कुत्र्याले कायची लस?” या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचा धडा.

दोन प्रकारचा खोकला

कुत्र्यांमध्ये एकाकडून दुसऱ्याला लागणारे श्वसनाचे आजार पुष्कळ आहेत. आपल्या कामापुरते दोन ओळखता आले तरी पुरे. एकाला डॉक्टर केनेल कफ म्हणतात, दुसऱ्याला डिस्टेंपर. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, पण शेवट फार वेगळा होतो.

केनेल कफ म्हणजे श्वासनलिकेचा दाह. तो बोर्डेटेला नावाच्या जिवाणूमुळे, पॅराइन्फ्लुएन्झा किंवा अॅडिनो जातीच्या विषाणूमुळे, आणि पुष्कळदा यांपैकी दोघा-तिघांमुळे एकदम होतो. कुत्रे कोरडे, ठसक्यासारखे खोकते. घशात हाड अडकले असावे असे वाटते. खोकता खोकता उबळ येऊन पांढरा फेसही टाकते. पण ते खाते, पिते, शेपटी हलवते, हाक मारली की येते. बहुतेक मोठी कुत्री दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरी होतात. लहान पिल्ले आणि म्हातारी कुत्री यांना मात्र त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

डिस्टेंपरची सुरुवातही सर्दीसारखीच होते. लागण झाल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप येतो. डोळ्यांतून आणि नाकातून आधी पाणी, मग पिवळसर घट्ट पू येऊ लागतो, पापण्या चिकटतात. खोकला येतो. मग खाणे सुटते, उलट्या आणि हगवण लागते, जनावर हाडांना लागते. काही कुत्र्यांचे नाक आणि पंजांच्या गाद्या कडक, भेगाळलेल्या होतात. जी यातून तगतात, त्यांपैकी काहींच्या मेंदूवर पुढे आजार चढतो. जबडा चावल्यासारखा सारखा हलतो, एखादा पाय ठरावीक ठेक्यात उडत राहतो, झटके येतात, मागचे पाय ओढले जातात. बरे झाल्यासारखे वाटल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकते.

घरच्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. कुत्रे खाते का? नाकातला स्राव पाण्यासारखा आहे की पुवासारखा? डोळे चिकटतात का? पोट बिघडले आहे का? नुसता खोकला असून बाकी सारे ठीक असेल तर घाबरण्याचे कारण नाही. खोकल्याला पू, उपाशीपण आणि हगवण यांची जोड असेल तर डिस्टेंपर समजून वागावे आणि डॉक्टरांना कळवावे.

आणखी एक साधी परीक्षा आहे. कुत्रे शांत झोपले असताना त्याच्या बरगड्यांकडे पाहून एका मिनिटातले श्वास मोजावेत. निरोगी कुत्र्याचे श्वास साधारण १५ ते ३० असतात. झोपेतही ४० च्या वर जात असतील, पोट भात्यासारखे चालत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

डिस्टेंपर की पिसाळणे?

इथे सर्वांनी फार लक्ष द्यावे, कारण या ठिकाणी माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो.

डिस्टेंपरचे झटके आलेले, लाळ गाळणारे, भेलकांडणारे कुत्रे पाहून लोक ते पिसाळले असे समजतात आणि काठ्यांनी मारतात. पुष्कळदा ते पिसाळलेले नसते. पण उलटी चूक याहून भयंकर आहे. खरोखर रेबीज झालेल्या कुत्र्याला सर्दी-खोकला झाला असे समजून कोणी त्याच्या तोंडात औषध ओतायला गेले, तर ते प्राणावर बेतेल. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

नुसते पाहून हा फरक डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नियम एकच: ज्या कुत्र्याला झटके येतात, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे किंवा जे विनाकारण अंगावर येते, त्याला कोणीही हात लावायचा नाही. मुलांना आणि जनावरांना दूर करायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. असे कुत्रे चावले, ओरबाडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पुरी १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची. जखमेवर हळद, चुना, तिखट असे काही लावू नये.

डिस्टेंपर स्वतः माणसाला होत नाही. शेळ्या, गाई-बैल, कोंबड्या यांनाही तो कुत्र्यापासून होत नाही. रेबीज मात्र सगळ्या सस्तन प्राण्यांना होऊ शकतो. म्हणून कुत्र्याला लस टोचायची तेव्हा दोन्ही आजारांच्या लसी ध्यानात ठेवायच्या.

गोवर, बुळकांडी आणि डिस्टेंपर

वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना बुळकांडी आठवते. गुरांच्या डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण, आणि आठवड्याभरात दावण रिकामी. डिस्टेंपरचा विषाणू त्याच घराण्यातला आहे. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर ही एकाच कुळाची भावंडे. एवढे सांगितले की लोकांना आजार कसा पसरतो ते पटकन समजते. गोवर जसा एका मुलाकडून घरभर जातो, तसाच हा श्वासातून, शिंकेतून, नाकाच्या स्रावातून, एका थाळीतल्या पाण्यातून जातो.

या कुळाशी सामना कसा करायचा हेही आपल्याला माहीत आहे. बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला तो दुसराच आजार. विषाणू मारणारे औषध तेव्हाही नव्हते. गावोगाव फिरून टोचलेल्या लसींनी ते काम केले.

डिस्टेंपरच्या लसीची कथा आपल्यासारख्या वर्गणीदारांनी वाचण्यासारखी आहे. देवीची लस देणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १८०९ साली या आजाराचे वर्णन लिहिले. १९०५ साली फ्रान्सच्या आंरी कारे यांनी तो विषाणूमुळे होतो हे दाखवले. पण बरीच वर्षे कोणाचा त्यावर विश्वास बसेना. मग १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने कुत्र्यांच्या या आजारावर संशोधन व्हावे म्हणून निधी उभारला. वाचकांनी वर्गणी पाठवली. त्या पैशावर पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी काम केले आणि त्या दशकाच्या अखेरीस लस तयार केली.

या कामात त्यांनी फेरेट नावाचा मुंगसासारखा छोटा प्राणी वापरला, कारण त्याला डिस्टेंपर लवकर होतो. पुढे १९३३ साली लेडलॉ आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला, तो याच फेरेटमुळे. कुत्र्यांसाठी दिलेल्या वर्गणीतून माणसांच्या फ्लूचा मार्ग उघडला. मुक्या जनावरासाठी केलेले काम कुठे जाऊन पोहोचेल, हे देणाऱ्याला आधी दिसत नाही.

गावातून जंगलात

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले आहे. बुलडाणा, मोताळा आणि खामगाव यांच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे बिबटे, अस्वले, तरस आहेत. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक नर वाघ शेते आणि गावे ओलांडत शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला होता. गाव आणि जंगल यांच्यामध्ये भिंत नाही, हे त्या वाघाने सर्वांना दाखवून दिले.

बिबट्याला कुत्रे आवडते हे आपण ऐकतोच. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि सहकाऱ्यांनी गावकुत्र्यांचे रक्त तपासले. बहुतेक कुत्र्यांना डिस्टेंपरच्या विषाणूची लागण कधी ना कधी होऊन गेली होती. त्याच माळावरच्या काही खोकडांच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या.

डिस्टेंपर फक्त कुत्र्यांचा नाही. कोल्हा, खोकड, लांडगा, कोळसुना, तरस, अस्वल, बिबट्या, वाघ, सिंह या सर्वांना तो होऊ शकतो. १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीच्या रानात त्याने सुमारे एक हजार सिंह मेले. तिथल्या सिंहांचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीरमध्ये दलखाणिया भागात तीन आठवड्यांच्या आत २३ सिंह दगावले. त्यांच्यातल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासून सांगितले. मग उरलेल्या सिंहांसाठी अमेरिकेहून लस मागवावी लागली.

आता आपल्या वस्त्यांवरची एक सवय आठवा. कुत्रे फार आजारी पडले की त्याला गोणीत घालून किंवा दोरीने ओढत नेऊन नाल्यापलीकडे जंगलात सोडतात. मेलेले कुत्रेही तिकडेच टाकतात. यात क्रूरपणा असतो असे नाही. घरात पोरे असतात, आजाराची भीती वाटते, मरताना पाहवत नाही. पण तसे केल्याने आजार जंगलाच्या दारात नेऊन ठेवल्यासारखे होते. रात्री तिथे येणारा बिबट्या किंवा कोल्हा त्या जनावराला तोंड लावतो. आणि सोडलेले कुत्रे अंगात त्राण असेल तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवर पोहोचते.

दुसरीही एक बाजू आहे. जंगलात वन्यप्राणी मेले की पहिले बोट आदिवासींच्या कुत्र्यांकडे आणि मग आदिवासींकडे दाखवले जाते. आपल्या कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर वस्तीच्या माणसाला ताठ मानेने बोलता येते.

लस केव्हा आणि किती वेळा

डिस्टेंपरचा विषाणू मारणारे औषध नाही. दवाखान्यात सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, न्यूमोनियासाठी प्रतिजैविके देतात. ती जनावराला तगवून धरण्यासाठी असतात. म्हणून सगळा भर लसीवर.

बाजारात ही लस सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन अशा नावांनी मिळते. एकाच टोचणीत डिस्टेंपर, पार्व्हो, अॅडिनो, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टो या आजारांची लस असते. म्हणजे खोकल्याच्या दोन-तीन कारणांवर एकदमच बंदोबस्त होतो. बोर्डेटेलाची नाकात सोडायची लस वेगळी मिळते. शहरात जिथे पुष्कळ कुत्री एकत्र ठेवतात तिथे तिचा उपयोग होतो. वस्तीवर पहिला पैसा डिस्टेंपर आणि रेबीज यांच्या लसींवर खर्च करावा.

पूर्ण पद्धत अशी: पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिला डोस. मग दर तीन ते चार आठवड्यांनी पुढचा, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत. सुमारे वर्षाने एक वाढीव डोस, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयापासून, आणि पुढे दरवर्षी.

एवढे डोस का, असे लोक विचारतात. कारण पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून काही आठवडे पुरेल एवढी शक्ती मिळते. ती शक्ती जशी आजाराला अडवते तशी लसीलाही अडवते. कोणाची सहा आठवड्यांत संपते, कोणाची चौदा आठवड्यांत. बाहेरून ते कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावे लागते.

डोंगरावरच्या वस्तीत एका पिल्लासाठी तीन-चार फेऱ्या होत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. अशा ठिकाणांसाठी जगभरच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने एक उपयुक्त सल्ला दिलेला आहे: एकच डोस शक्य असेल तर तो १६ आठवडे किंवा त्याहून मोठ्या वयाला द्या. त्या वयाला आईची शक्ती संपलेली असते आणि एकच टोचणी बहुधा लागू पडते. वस्तीवर जन्मतारीख कोणी लिहून ठेवत नाही. तेव्हा दात पाहावेत. साधारण तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे पुढचे दुधाचे दात पडून मोठे दात येतात. पुढचे दात बदललेले दिसले की ते पिल्लू त्या एका डोसासाठी तयार आहे असे धरायला हरकत नाही.

लस थंड राहिली तरच लस असते. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवायची. गोठवायची नाही आणि उन्हातही न्यायची नाही. पावडर आणि पाणी एकत्र केल्यावर लगेच टोचायची. पोलिओच्या लसीची पेटी घेऊन आशाताई वस्तीवर येते, तशीच बर्फाच्या पाकिटांची पेटी इथे लागते. मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर तापलेली लस टोचून काही उपयोग नाही. उलट लोकांना वाटते की लस देऊनही कुत्रे मेले, आणि पुढच्या वर्षी कोणी पिल्लू बाहेर आणत नाही.

आजारी, तापलेल्या कुत्र्याला लस द्यायची नाही. आजार वस्तीत शिरल्यावर लस घेऊन धावण्यापेक्षा दिवाळीच्या आधी, थंडी पडण्यापूर्वी फेरी केलेली बरी. हा विषाणू कडक उन्हात काही तासांत मरतो, पण थंड, ओलसर हवेत जास्त टिकतो.

एकदा फेरी केली म्हणजे काम संपले असेही नाही. गावकुत्र्यांचे आयुष्य छोटे असते आणि दरवर्षी नवी पिल्ले येतात. यंदा टोचलेल्या कुत्र्यांपैकी बरीच दोन-तीन वर्षांत उरत नाहीत आणि त्यांच्या जागी लस नसलेली पिल्ले उभी असतात. म्हणून दरवर्षी जायचे. जिथे सोय असेल तिथे नसबंदीही करून घ्यायची, म्हणजे दर हंगामाला आजाराला नवे खाद्य मिळत नाही.

आजार आलाच तर

पहिले काम वेगळे ठेवणे. आजारी कुत्रे घरामागे सावलीत, वारा येईल पण गारठा लागणार नाही अशा जागी बांधावे. गळ्याच्या दोरीने खोकल्याची उबळ वाढते. म्हणून दोरी छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागून घ्यावी. चुलीच्या धुरात ठेवू नये. खाण्याची थाळी वेगळी. आधी निरोगी कुत्र्यांना खाऊ घालायचे, शेवटी आजारी कुत्र्याला, आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण आपल्या हातांवरून आणि कपड्यांवरूनही आजार जातो. केनेल कफ असेल तर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. डिस्टेंपरमधून वाचलेले कुत्रे मात्र काही आठवडे, कधी तीन-चार महिनेसुद्धा विषाणू सोडत राहते. त्याला तेवढे दिवस दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू देऊ नये.

दुसरे काम शुश्रूषा. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यात भिजवलेल्या फडक्याने डोळे आणि नाक पुसावे. फडके नंतर जाळावे. नाक बंद असले की कुत्र्याला वास येत नाही आणि ते खात नाही, म्हणून नाक साफ ठेवणे हे अर्धे औषध आहे. भाताची पेज, पातळ आंबील, अंड्याचे पाणी थोडे थोडे द्यावे. जबरदस्तीने तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

तिसरे, माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. तापासाठी घरात असलेली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन कुत्र्याला विषासारखी बाधू शकते. मेडिकलमधून आणलेली उरलीसुरली प्रतिजैविकेही नकोत.

चौथे, जागा साफ करणे. हा विषाणू साबणाने, ऊन दाखवल्याने आणि विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मरतो. थाळी, पोते, बांधायची जागा धुऊन उन्हात वाळवावी.

आणि कुत्रे मेलेच, तर ओढ्यापासून आणि विहिरीपासून दूर, मीटरभर खोल खड्डा खणून पुरावे, वर दगड ठेवावेत. जंगलात टाकू नये.

मदत कोणाची घ्यायची? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या आजारासाठी अकोल्याला पशुवैद्यक व पशुविज्ञान पदव्युत्तर संस्थेचे महाविद्यालयीन रुग्णालय जवळ पडते. कुत्र्यांची मिश्र लस सगळ्या सरकारी दवाखान्यांत ठेवलेली असतेच असे नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे.

वस्तीने मिळून पाळायच्या गोष्टी

एका घराने लस घेतली आणि नऊ घरांनी घेतली नाही तर आजार वस्तीत राहतोच. वस्तीच्या बैठकीत पुढील गोष्टी ठरवता येतात.

१. पाहुण्यांकडून किंवा आठवडी बाजारातून आणलेले पिल्लू निदान दोन आठवडे दुसऱ्या कुत्र्यांपासून वेगळे ठेवायचे.

२. खोकणाऱ्या कुत्र्याला लग्नाला, बाजाराला किंवा चराईला सोबत न्यायचे नाही.

३. कामासाठी कुटुंब बाहेर जाणार असेल तर कुत्र्याला कोण सांभाळणार हे आधी ठरवायचे. वाऱ्यावर सोडलेली उपाशी कुत्री गावोगाव फिरतात आणि आजार सोबत नेतात.

४. दोनपेक्षा जास्त घरची कुत्री एकाच आठवड्यात आजारी पडली तर १९६२ वर कळवायचे.

५. जवळपास मेलेला कोल्हा, खोकड किंवा बिबट्या दिसला तर हात न लावता वनरक्षकाला सांगायचे.

गेल्या दोन हिवाळ्यांत एका वस्तीवर मी हे प्रत्यक्ष पाहिले. पहिल्या वर्षी लोकांनी नको म्हटले. त्या थंडीत एकामागून एक पिल्ले गेली आणि मक्याच्या राखणीला माणसांनाच रात्र-रात्र जागावे लागले. दुसऱ्या वर्षी डॉक्टर आले तेव्हा बाया पदराखाली पिल्ले घेऊन रांगेत उभ्या होत्या. ज्या आजोबांनी “कुत्र्याले कायची लस?” म्हणून विचारले होते, तेच पोरांना पिल्लांचे दात कसे पाहायचे ते दाखवत होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण ज्या वस्तीवर जातो तिथे किती घरी कुत्री आहेत? त्यांपैकी किती कुत्र्यांना रेबीजची आणि किती कुत्र्यांना डिस्टेंपरची लस मिळाली आहे? पुढच्या भेटीत यादी करता येईल का?

२. खोकणारे पण खाणारे कुत्रे आणि खोकणारे पण न खाणारे कुत्रे यांच्याशी आपण वेगळे कसे वागू?

३. झटके येणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये, हे त्यांना न घाबरवता कसे सांगाल?

४. आजारी कुत्रे जंगलात सोडण्याऐवजी वस्तीवर कोणती सोय करता येईल?

५. आपल्या मंडळीत कोणाकडे बर्फाची पेटी, मोटरसायकल किंवा दिवाळीआधीचे दोन मोकळे दिवस आहेत का? लसीकरणाच्या फेरीला पैशाइतकीच या तीन गोष्टींची गरज असते.